दोन दुर्गा आणि सासूबाईंचं गाणं

चूक माझीच होती, आणि ती मी बायकोच्या माथी मारली.

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिला देवीचं नाव ठेवायचं, ही रीत. स्कूटर दुर्गा, पिठाची चक्की दुर्गा, विहिरीवरची मोटरसुद्धा दुर्गा! (मोटर जळाली की वडील आधी हात जोडायचे, मग मिस्त्रीला बोलवायचे.) तेव्हा कॉम्प्युटरच्या डिस्कला मी दुसरं काय नाव देणार? त्या डिस्कवर सासूबाईंची लग्नाची गाणी होती. बोदलकसा तलावाजवळच्या त्यांच्या अंगणात माझ्या बायकोनं, सुनंदानं, ती मोबाइलवर टिपली होती. सासूबाई गेल्या. नातीच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, हळदीला यायला आता त्यांचा आवाजच तेवढा उरला होता.

हळदीच्या आदल्या दुपारी मला जबाबदारीचा झटका आला. एकच डिस्क, बिघडली तर? नवी आणली, तयार केली, सवयीनं नाव दिलं: दुर्गा. आता गाणी तिच्यावर उतरवायची... पण पंखा असा मंद फिरत होता, खिडकीतून मोहाचा वास असा येत होता, की खुर्चीतल्या खुर्चीत मी तलावाच्या पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे गेलो.

हळदीच्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केला. त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. त्याला मी कायमचं सांगून ठेवलंय, की सुरू झालास की दुर्गा नावाची डिस्क शोध आणि 'गाणी' या फोल्डरला जोड. त्यानं इमानानं जोडली. फोल्डर उघडला. रिकामा!

"काऊन हो, एवढा घाम कायले येऊन राहिला?" सुनंदानं विचारलं.

"डिस्क तपासून राहिलो." तेवढ्यात निकाल आला: एकही दोष नाही, जागा भरपूर शिल्लक. जसं काही बक्षीसच लागलं!

मी घाबरलो, आणि घाबरलेला नवरा जे करतो तेच केलं. "काल फोटो पाहताना तूच गाणी पुसली असशील!"

"मी? माह्या मायची गाणी?"

एवढंच बोलून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर मांडवातून मोठी वहिनी ओरडली, "भाऊजी, गाना लगाव ना! पोरगी कवाची पाटावर बसून राहिली!"

सुनंदानं डोळे पुसले, तेव्हा तिला टेबलावरचं दुसरं डबडं दिसलं. "हे कोणतं?"

"नवी डिस्क. दुर्गा."

"अन् जुनी?"

"तीही... दुर्गाच."

"आमच्या गल्लीत दोन दुर्गाबाई होत्या. हाक मारली का जवळची पहिले ओ दे. तुमच्या मशीनले का समजन, कोणती पायजे?"

मी नवी दुर्गा काढली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. सगळी गाणी जागच्या जागी! स्पीकरमधून आधी कोंबडा आरवला, मग बांगड्या वाजल्या, मग सासूबाई गायला लागल्या. ऊन हळदीसारखं सांडलेलं, आणि त्या कुठेतरी इथेच, पदर सावरत बसल्या आहेत असं वाटत राहिलं.

गाणं संपल्यावर मी हळूच म्हणालो, "सुनंदा, चुकलो मी."

"मले ऐकू नाही आलं. माईक हाय ना?"

मग सगळ्या बायकांसमोर माईक घेऊन उभा राहिलो. हात जोडले, खोट्या आरोपापासून डुलकीपर्यंत सगळं कबूल केलं. माईक बंद होता. वहिनीनं बटण दाबून दिलं, आणि ती अख्खी माफी मी पुन्हा पहिल्यापासून मागितली.