शेड, शॅडो आणि साळवे सर

टक्... टक्... तापलेल्या पत्र्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. परतूरच्या आमच्या शाळेचे छत दुपारभर असे वाजत असे. त्या नादात मी नववीला कविता गाऊन शिकवत होतो. शेजारच्या वर्गात नवे आलेले इंग्रजीचे साळवे सर. मध्ये भिंत कसली, नुसता पत्रा. ते दारात आले तेव्हा वाटले, आता तक्रार. म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हणा सर. आमच्या पोरायलाबी ऐकू येऊन राह्यलंय, पण शेवटची ओळ सुटती." ही आमची पहिली ओळख.

शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहिण्याआधी सर मुलांना त्या अर्थात नेऊन बसवत. शेड आणि शॅडो, आपण दोन्हींना सावलीच म्हणतो. एकदा चार वाजता त्यांनी वर्ग कडुलिंबाखाली नेला.

"ही शेड. बसा." सगळे बसले.

"आता उन्हात जा अन् आपापल्या शॅडोत बसा."

मुले सरकत, सावली पुढे सरके. नुसता हशा. वाटूरहून येणारी मंगल थांबली. "सर, आपल्या सावलीत आपल्याला बसताच येत न्हाई!"

"अन् दुसऱ्याला?"

तिने मैत्रिणीला ओढून आपल्या सावलीत बसवले. मैत्रीण ओरडली, "मंगे, जाड हो की जराशी! अर्धीच मावले मी."

सर म्हणाले, "बराबर. आपण उभं राह्यलो, की आपली शॅडो दुसऱ्याची शेड बनती."

सर स्वतःही तसेच उभे राहत. एका वर्षी माझा घसा गेला, महिनाभर बोलणे बंद. नोकरी तेव्हा कच्ची, त्यात तपासणी तोंडावर आलेली. सरांनी आपले मोकळे तास माझ्या वर्गाला दिले. मी हाताने चाल दाखवायची, त्यांनी गायचे, तेही साफ बेसूर. मुले हसत, सरही हसत. माझी नोकरी राहिली.

आता सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेच्या मैदानात सत्कार ठरला आहे, आणि सर नाही म्हणतात. मी समजवायला गेलो. "शाळेच्या कार्यक्रमात दरसाल बघून राह्यलो," ते म्हणाले. "पाव्हणे मंडपात, पोरं उन्हात. मंग मी कशाला येऊ?" मी सत्कार समितीला विचारले. समिती म्हणते, मंडपाचे कापड स्टेजपुरतेच आहे.

सर आले नाहीत तर सत्कारात वाचायचा हा लेख मी त्यांच्या घरी नेऊन वाचून दाखवीन. त्यांना शंभरी लाभो, पाय बळकट राहोत आणि आवाज असाच बेसूर राहो, एवढेच मागणे.

इथवर लिहिले आणि कडी वाजली. दारात मंडपवाला, घामाघूम.

"मास्तर, साळवे सरांनी बोलावल्तं. म्हणले, आहे तेवढं कापड पोरांवर टाक, अन् पाव्हण्यांच्या खुर्च्या उन्हात मांड. समितीला तुम्ही सांगणार म्हणे?"

"आणि सर?"

"येतो म्हणलेत. डोक्याला रुमाल बांधून."

"सांगतो मी समितीला," मी म्हणालो. "अन् माझीही खुर्ची त्यांच्या बाजूलाच टाक."