खेट्याच्या वाटेत अडकलेला गुडघा

देवाकडे चालत जायला पाय लागतात आणि माझा पाय नेमका त्याच्याच वाटेवर अडकला. त्या दिवशी मी जोतिबावर रागावले होते, हे आधीच सांगते. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले तेव्हापासून माघातले रविवार मी अनवाणी डोंगर चढत आले. खेटे पाच म्हणजे पाच. एक राहिला तर वर्ष अपुरं, असं सासूबाईंनी शिकवलेलं.

जाऊबाई होती तोवर आम्ही दोघी पहाटे पंचगंगेवर पाय धुऊन निघायचो. वडणगं, निगवं, कुशिरं अशी गावं मागं पडायची. वाटभर ती घरातल्या माणसांच्या कागाळ्या सांगायची आणि चढ लागला की गप्प व्हायची. म्हणायची, आता देवाला ऐकू जाईल. ती गेल्यावर मी एकटीच चालत राहिले. वाट तीच आहे, पण ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या ओळखीच्या बायका आता उरल्या नाहीत.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास धार काढून म्हशीखालून उठताना पाय मुरगळला आणि गुडघ्यात कट्ट वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चांगलाच सुजला. वयाचं दुखणं मला ठाऊक होतं. उठल्यावर सांधे धरतात, थोडं चाललं की सैल होतात. हे तसं नव्हतं. गुडघा मध्येच अडकायचा, जिना उतरताना दगा द्यायचा. सून डॉक्टरला दाखवा म्हणून मागं लागली होती. मी तेल चोळलं, विटेचा शेक घेतला आणि पाचवा खेटा झाल्यावर बघू म्हटलं.

पाचव्या रविवारी डोंगराच्या पायथ्याशी दगडावर जरा टेकले. उठायला गेले तर गुडघा वाकला तो वाकलाच, सरळ होईना. मागून आमच्या पेठेतल्या तालमीची पोरं येत होती, ती थांबली. आमच्याकडं सांधा लचकला की डॉक्टरआधी तालमीत वस्तादाकडं न्यायची रीत. माझ्या नवऱ्याचा निखळलेला खांदा तिथंच बसवलेला. त्यामुळं एका दांडग्या पोरानं घोटा धरला तेव्हा मला बरंच वाटलं.

"काकू, डोळं झाका. एक हिसका दिला की मोकळा हुतोय."

मी पदराचा बोळा दातात धरला. तेवढ्यात त्याच्या मनगटावर एक काठी येऊन टेकली.

"सोड पाय. माझा बी असाच वडला हुता."

माझ्याच वयाची बाई होती. बोलण्यात कानडी हेल, गडहिंग्लजकडची असावी. तिनं लुगडं जरा वर करून स्वतःचा गुडघा दाखवला. तो वाकडाच राहिलेला. पोरगा चिडून म्हणाला, "आज्जी, तुमी डॉक्टर हाय काय?"

"न्हाय. लंगडी हाय की."

पोरं हसली, पण पाय सोडला. तिनं माझा पाय होता तसाच वाकलेला गाठोड्यावर ठेवायला लावला, ओल्या फडक्यानं गुंडाळला आणि मला एखाद्या जीपमध्ये घालून डॉक्टरकडं न्यायला पोरांना सांगितलं. मी हटून बसले. पाचवा खेटा मोडणार नाही, रांगत जाईन म्हटलं. तिनं माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

"अक्का, देवाला नारळ पायजे, गुडघा न्हाय. नाव काय सांगू तुमचं?"

मी नाव सांगितलं. काठी टेकत ती चढ चढायला लागली. तिची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा मला माझीच लाज वाटली. धड पाय असताना मी दुसऱ्याचा नारळ घेऊन कधी वर गेले नव्हते. पोरांना म्हटलं, ती येईपर्यंत मी हलत नाही. पोरंही बिचारी बसून राहिली. ऊन चांगलं तापल्यावर ती बाई उतरली. खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला, गुलाल कपाळाला लावला आणि बोटाला उरलेला गुडघ्याला पुसला. चांगभलं म्हणून आपल्या वाटेनं गेली.

डॉक्टर म्हणाले, हाडांमधली गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकलाय. जोरानं ओढला असता तर आणखी फाटलं असतं. दुर्बिणीतून लहानसं ऑपरेशन झालं. आता रोज कॉटवर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेते आणि दाबून पाय ताठ करते. मांडीत बळ आलं तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. म्हशीखाली बसणं सुटलं. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते, हेही या वयात शिकले.

खेटे माझ्या पायावर चालतात असं मी आयुष्यभर समजत होते. आता माघात सून जाते, तिच्याकडं मी दोन नारळ देते. एक माझ्या नावाचा. दुसरा त्या बाईचा, पण तिचं नाव विचारायचं त्या दिवशी राहून गेलं. सुनेला सांगते, काठीवाल्या बाईचा म्हण. देवाला ठाऊक आहे.