विरोधी बाकावरून

दुपारचे दोन वाजलेत. तीनला नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा आहे, म्हणून नगराध्यक्षा इंदुमती बाबर आपल्या दालनात खुर्चीला मान टेकवून जरा डोळे मिटतात. बाहेर चैत्राचं ऊन रणरणतंय. पंख्याची घरघर दूर दूर जात राहते आणि तिच्यातून कुणीतरी खाकरतं.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. अकरा वर्षं भर सभेत त्यांचं बोलणं त्यानंच तोडलंय. आप्पा शेडगे, विरोधी पक्षनेते. गेल्या श्रावणात वारले.

आप्पा समोरच्या विरोधी बाकावर बसलेत. दालनात बाक कुठून आला, हा प्रश्न इंदुमतींना पडत नाही. दालनाचंच सभागृह झालंय. आप्पांचं धोतर, सदरा, टोपी, सगळं चिंब आहे.

"बसा अध्यक्षबाई. कोरम नाही, पण चालेल."

"आज टाकीचा विषय आहे, आप्पा." न विचारताच त्या सांगून टाकतात. "पूर्वेच्या वस्तीला पाण्याची टाकी. तुमचीच मागणी. आमचे गटनेते बर्गे म्हणतात, हाणून पाडायची. झाली तर नाव तुमच्या पक्षाचं होईल."

"मागं दोनदा पाडलीत की."

"पाडली. दुसऱ्यांदा तर कागद वाचलासुद्धा नाही. खाली तुमची सही बघितली, तेवढं पुरलं."

बाकांमधून बाया रिकामे हंडे घेऊन रांगेनं सरकतायत. त्यांना वाट द्यायला इंदुमती बाजूला होतात, तर पाय वाळूत रुततो. नदीचा घाट आहे. पाऊस कोसळतोय. चार माणसं सरणावर ताडपत्री धरून उभी आहेत. लाकडं नुसती धुमसतायत.

"कुणाचं आहे?" माहीत असूनही त्या विचारतात. त्या दिवशी छत्री घेऊन त्या इथंच उभ्या होत्या.

"माझंच," शेजारून आप्पा म्हणतात. "पाच तास लागले. थोरल्याला रडायलाही सवड मिळाली नाही, रॉकेल हुडकत फिरला. स्मशानात शेड बांधायचा ठराव तुम्ही आणला होता. तो कुणी पाडला?"

मेलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून इंदुमती गप्प राहतात.

"बोला की. सभेत कधी गप्प बसला नाहीत."

"तुम्ही, आप्पा. आमची दोन मतं फोडून."

"शेड चांगली होती. पण तिच्यावर तुमचं नाव लागणार, ते मला सोसवेना." आप्पा तोंडावरचं पाणी निपटतात. "भांडायला माझी ना नाही, बाई. भांडल्याबिगर कारभार ताळ्यावर राहत नाही. पण जित्याला पाणी लागतं, मेल्याला छप्पर. त्यात पक्ष कसला?"

"मी टाकी दिली, तर माझीच माणसं मला फितूर म्हणतील."

"म्हणतील. मलाही म्हणाली असती, म्हणून तर मी भ्यालो." ते धुराकडे बोट करतात. "टाकी द्या, शेड मागा. माझे लोक ओरडतील, पण त्या दिवशी तेही भिजलेत."

मग ते इंदुमतींचा दंड धरतात. "सांभाळून. पायरी निसरडी आहे."

दार वाजतं. बर्गे आत येतात.

"ताई, टाकीचा विषय शेवटी ठेवू. वस्तीतले लोक कंटाळून जातील, मग फेटाळू."

इंदुमती खुर्चीत सावरून बसतात. "नाही. पहिला घ्या, मंजूर करायचाय. आणि त्याच्या जोडीला स्मशानाची शेड. दोन्ही मी स्वतः मांडते."

"आपली माणसं ऐकायची नाहीत."

"त्यांच्याशी मी बोलते. विरोधकांशीही."

बर्गे आणखी काही म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर खाली जाते. "ताई, बाही कशानं भिजली?"

इंदुमती बघतात. पाण्याचा तांब्या पलीकडच्या टेबलावर झाकलेला आहे, खिडकीबाहेर ऊन आहे तसंच आहे. पोलक्याच्या बाहीवर मात्र चार बोटं आणि एक अंगठा, ओले, स्पष्ट उमटलेत.

त्या पदर खांद्यावर घेतात, बाही तशीच उघडी ठेवतात आणि सभागृहाकडे निघतात.