आवळे बांधणारे सर

सरांनी मला खोटं बोलल्याबद्दल अख्खा एक तास बाकावर उभं केलं होतं. आता सांगायला हरकत नाही, गुन्हा खरा होता. नारायणगुड्याच्या आमच्या मराठी शाळेत सर जीवशास्त्र शिकवायचे. ओल्या कापसात वाल ठेवा आणि रोज काय दिसतं ते लिहून आणा, असं त्यांनी सातवीला सांगितलं होतं. माझा वाल चार दिवस ढिम्म. पाचव्या दिवशी आईनं उसळीसाठी मोड आणलेल्या वालांतला एक टपोरा मी उचलला, कापसात निजवला आणि शाळेत नेला. सरांनी तो चिमटीत धरला, हुंगला आणि म्हणाले, "याला फडक्याचा वास येतोय. सुधा, झाडाच्या बाबतीत खोटं बोलू नये. उघडं पडतं." तीस-एक वर्षांनी याच सरांचा मला फोन आला, "शनिवारी ये. येताना कोठीच्या बाजारातून हिरव्या दोऱ्याचं रीळ आण. झाडाला आवळे बांधायचेत. तुला पूर्वीचा अनुभव आहे."

निवृत्त झाल्यावर सरांनी चेवेल्ल्याच्या पुढे एका खेड्यात दहा गुंठे जमीन घेतली होती. एकदा गणपती गेले की सर शहरात कुणाला सापडायचे नाहीत. पाऊस ओसरला, माती हाताला मऊ लागायला लागली की मेथी, कोथिंबीर, शेवंतीची रोपं यांत ते बुडून जायचे. अंगात शाळेतलाच पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि हातात खुरपं. सकाळी गेल्या गेल्या ते झाडांची हजेरी घ्यायचे. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "पपई, सरळ उभी राहा. कारलं, तुझं लक्ष कुठाय? शेजाऱ्याच्या कुंपणावर काय बघतंस?" बाग त्यांना वर्गासारखी लागे आणि वर्गाप्रमाणेच बागेतही त्यांचं फारसं कुणी ऐकत नसे.

आणि एक बाई तर मुळीच ऐकत नसे. शेजारच्या शेतातली यादम्मा. पहिल्याच वर्षी आश्विनात सरांनी मोठ्या निष्ठेनं तण काढायला घेतलं. बांधावर पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचं कुर्डू माजलं होतं, ते सगळं उपटून त्यांनी खताच्या खड्ड्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी गावात बतुकम्मा, म्हणजे फुलांचे थर रचून केलेली देवी, मांडायची होती आणि तिच्या थरांना लागणारं गुनुगु म्हणजे नेमकं हेच तण. सकाळी टोपल्या घेऊन बाया आल्या तर बांध चकाचक. यादम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "क्या करे सारू? पूरा गुनुगु उखाड दिये? कल बतुकम्मा में क्या, तुमारा मेथी लगाना?" सर खड्ड्यात उतरले, एकेक तुरा झटकून वर देत राहिले. पुढच्या वर्षापासून त्यांनी कुर्डूचा चक्क वाफा केला, त्याला आळं केलं, पाणी दिलं. आमच्या मराठी मंडळातले लोक हसायचे. सर म्हणायचे, "हसा. तुम्हाला कुणी टोपली घेऊन शोधत येतं का?"

मात्र आवळ्याच्या बाबतीत सरांनी यादम्माचं ऐकलं नाही. जमीन घेतली त्याच वर्षी त्यांनी मधोमध आवळा लावला होता. झाड देखणं वाढलं, सावली धरली, पण आवळा म्हणून एक लागेना. यादम्मा म्हणाली, "अकेला झाड फल नै देता सारू. जोडी होना." सरांना ते लागलं. "यादम्मा, बत्तीस बरस बच्चों कू यहीच पढाया मैं," ते म्हणाले आणि विषय बंद केला. चुकलंय हे कबूल करण्यात सर किती कच्चे होते, ते आम्ही विद्यार्थी जाणतोच.

आता आवळे बांधण्याची वेळ का आली, ते सांगते. शहरातल्या जामबागेत ज्या आवळ्याखाली आमच्या मंडळाचं आवळीभोजन व्हायचं, तो गाड्या लावायला जागा हवी म्हणून तोडला गेला. मग दोन वर्षं आम्ही हॉलमध्ये, कुंडीत खोचलेल्या फांदीसमोर मसालेभात खाल्ला. तिसऱ्या वर्षी सभेत ठराव आला की आता रिसॉर्टवर जाऊ. तिथे बुफे असतो, मुलांना पोहायला मिळतं. पुण्या-मुंबईहून कंपन्यांमध्ये आलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. तेव्हा मागच्या रांगेतून सर उठले. "नक्को ते रिसॉर्ट," ते म्हणाले. "माझ्या आवळ्याच्या फांद्या फळांनी वाकल्यात. सगळे माझ्याकडे या. मातीत बसून जेवा." टाळ्या पडल्या. झाडावर त्या दिवशी पानांशिवाय काहीही नव्हतं.

शनिवारी मी रीळ घेऊन गेले, तर सर शिडीवर. खाली कोठीच्या हातगाडीवरचे चार किलो आवळे. सरांनी खोटेपणासुद्धा अभ्यासक्रम लावून शिकवला. आवळा देठाला चिकटून बसतो, लोंबत नाही, म्हणून गाठ आखूड हवी. दोन-तीन जवळ-जवळ, मग मोकळी जागा, मग एखादा एकटाच. "आणि दहात एक किडका बांध," ते म्हणाले. "सगळंच गोमटं दिसलं की माणसाला संशय येतो." मी म्हटलं, "सर, झाडाच्या बाबतीत खोटं बोलू नये ना?" त्यावर शिडीवरून उत्तर आलं, "तू मार्कांसाठी बोलली होतीस. मी झाडासाठी बोलतोय. बांध."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. एका पत्रावळीवर आमचा मसालेभात आणि यादम्माच्या घरचा चिंचेचा भात, पुलिहोरा, एका बाजूला गच्चीबावलीचे इंजिनिअर आणि दुसऱ्या बाजूला गावातली म्हातारी माणसं. मोबाइलमध्ये बोटं घालून बसणाऱ्या पोरी मेथी उपटायला धावल्या. सगळं छान चाललं असताना नव्यानं आलेल्या एका पुणेकर वहिनींनी आवळा तोडला आणि त्याच्याबरोबर वीतभर हिरवा दोरा आला. सरांनी शांतपणे चष्मा लावला. "हा रेशीमदेठी आवळा," ते म्हणाले. "दुर्मीळ आहे. देठाला तंतू सुटतात. जपून ठेवा." वहिनींनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि आठवडाभर लोक सरांकडे रेशीमदेठीची रोपं मागत होते. यादम्मानं पदर तोंडात कोंबला होता.

असं सहा वर्षं चाललं. दुसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांना कळलं होतं, त्या वहिनींनासुद्धा. तरीही दर वर्षी सगळे झाडाखाली उभे राहून "यंदा काय लगडलंय!" म्हणायचे आणि सर नम्रपणे मान खाली घालायचे. मला सरांचा राग यायचा, हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर त्या एका दुपारची मी वर्षभर वाट पाहायचे.

मागच्या मार्गशीर्षात सर गेले. त्याआधी श्रावणात ते पडले आणि नारायणगुड्यातल्या घरी, तिसऱ्या मजल्यावर खाटेला खिळले. डोळ्यांनीही दिसेनासं झालं होतं. कार्तिक आला, तसे ते मला एकच विचारू लागले, "मी नसलो की रिसॉर्टवर जाणार ना तुम्ही?" नाही म्हटलं तरी त्यांना पटेना.

आवळीभोजनाच्या आदल्या शनिवारी मी सवयीनं आवळे आणि रीळ घेऊन खेड्यात गेले. फाटकातच थबकले. झाड आवळ्यांनी लगडलं होतं. मी खुळ्यासारखी एकेक फळ फिरवून दोरा शोधत राहिले. यादम्मा कुंपणापलीकडून हसत होती. तिच्या बाजूला, अगदी कुंपणाला लागून, दुसरा आवळा उभा होता. सरांनी तिला बत्तीस वर्षांचा हिशेब ऐकवला, त्याच पावसात तिनं तो लावला होता. त्या वर्षी चैत्रात दोन्ही झाडं बरोबर फुलली होती. "मैं बोली थी. सुनेच नै सारू," ती म्हणाली आणि मग डोळे पुसायला लागली.

रविवारी पंगत झाली, नेहमीच्या जागीच. संध्याकाळी आवळ्यांनी भरलेली एक डहाळी घेऊन मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, खरे आहेत. झाडाला आलेत." सर हसले. "मला शिकवतेस?" म्हणाले आणि बोटांनी देठ चाचपायला लागले. बराच वेळ चाचपत होते.

"गाठ लागतच नाही हाताला," ते म्हणाले. "माझ्याहून सफाईनं बांधलेत." मग त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे मी नसतानाही तुम्ही तिथेच गेलात. एवढे आवळे बांधत बसलात."

यादम्माच्या झाडाचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "हो सर. शनिवारची दुपारभर बांधत होतो. यादम्मापण होती."

सरांनी डहाळी छातीवर ठेवून घेतली. त्यांना इतकं खूश झालेलं मी शाळेतही कधी पाहिलं नव्हतं. जरा वेळानं त्यांची बोटं पुन्हा एकेका आवळ्यावरून फिरली आणि कपाळाला आठी पडली.

"पण सुधा, एक चुकलं. किडका एकही नाही. संशय येईल."

"पुढच्या वर्षी लक्षात ठेवते, सर," मी म्हणाले.