हार घालायला उठले तेव्हा

"मॅच्युअर कॅटरॅक्ट," डॉक्टरांनी बॅटरी बंद करत सांगितलं. म्हणजे पिकलेला मोतीबिंदू. "काढला की दिसेल, बाई. रडायचं काय त्यात?"

मी आनंदाने रडत होते. माझा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. उरलेल्या उजव्यावर मैंदर्गीजवळच्या एका खेड्यात मी इतकी वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. आता पाटीवरचे घ आणि ध एकच झाले होते. पोरं बेरकी. कोरी पाटी पुढे करायची आणि मी "शाब्बास" म्हणायचे. हा डोळा गेला असता तर माझी शाळाही गेली असती.

सोलापूरच्या एका धर्मादाय ट्रस्टने आमच्याच शाळेत शिबिर भरवलं होतं. ऑपरेशन फुकट, चष्मा फुकट, वर दोन वेळचं जेवण. बाकं बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या आणि माझ्याच वर्गात मी पेशंट म्हणून आडवी झाले.

ऑपरेशन दुखत नाही. आधीचं इंजेक्शन तेवढं झोंबतं. खरी परीक्षा नंतरची. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि उताणं पडून राहायचं. डॉक्टरांनी एकेकीच्या कानाशी बसून सांगितलं, "टाके नाजूक आहेत. खोकायचं नाही, वाकायचं नाही, उठायचं तर अजिबात नाही. देव आला तरी पडून राहा."

देव आला असता तर पडूनच राहिले असते. आले ते ट्रस्टचे शेटजी.

डॉक्टर पलीकडच्या वर्गात ऑपरेशनला उभे होते. बाहेर लाउडस्पीकर सुरू झाला आणि आमचे हेडमास्तर माझ्या उशाशी आले.

"बाई, जरा उठताय का? शेटजींना हार घालायचाय."

"डॉक्टर नको म्हणालेत की."

"दोन मिंटाचं काम हाय. शाळंला दोन खोल्या देतो म्हनलेत. पेशंटच्या हातनंच हार पायजे त्यास्नी. बाकीच्या अडाणी, तुमी शिकलेल्या. आन् पडून घेतला तर फोटो मढ्यागत येतोय."

शेजारच्या सतरंजीवर एक कानडी म्हातारी होती, तिचंही कालच ऑपरेशन झालेलं. "एळब्याड, अक्का," ती म्हणाली. उठू नकोस. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आमची पोरं पावसाळ्यात मारुतीच्या देवळात बसून शिकायची. खोल्या म्हटल्यावर मी हात पुढे केला. शिबिरात कामाला असलेल्या दोघी बायकांनी मला धरून उभं केलं, हातात हार दिला. मी चाचपडत तो घातला. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "बाई, वाका की जरा! साहेबांचं तोंड झाकतंय!"

मी वाकले. शेटजींच्या पायापर्यंत वाकले.

पट्टीखाली काहीतरी कोमट सुटलं आणि मी किंचाळले. टाळ्या जोरात चालू होत्या, कुणाला ऐकू गेलं नाही.

ऑपरेशन आटोपून आलेल्या डॉक्टरांनी पट्टी उघडली. "आयरिस प्रोलॅप्स," ते म्हणाले. टाका उसवून डोळ्यातला रंगीत पडदा जखमेबाहेर आला होता. "कुणी उठवलं यांना?" सोबतीला आलेली माझी बहीण सांगते, हेडमास्तर तेव्हा माइकची वायर गुंडाळत होते. शेटजींची मोटार केव्हाच गेली होती. मला एसटीने सोलापूरला नेलं, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून. तेव्हाचा तो रस्ता ज्यांना माहीत आहे, त्यांना खड्डे मोजून दाखवायला नकोत.

हे सगळं मी सांगते आहे आणि तीच बहीण लिहून घेते आहे. वाचणाऱ्यांना इथेच सांगते, शिबिराला जरूर जा. ती कानडी म्हातारी उठली नाही. ती आता स्वतः ज्वारी निवडते. मात्र डॉक्टरांशिवाय कुणी ऊठ म्हणालं तर त्याला सरळ शिवी हासडा. मला तेव्हा एकही आठवली नाही.

सोलापूरच्या वॉर्डात इन्फेक्शन झालं. डोळ्यात पू भरला. हेडमास्तर केळी घेऊन भेटायला आले. "खोल्या मंजूर झाल्या, बाई. फोटोबी झ्याक आलाय." मला आनंद झाला, हेही खरं. मग त्या आनंदाचीच किळस आली आणि केळी मी शेजारणीला देऊन टाकली.

रोज सकाळी मोठे डॉक्टर बॅटरी मारून विचारायचे, "उजेड दिसतो?" आधी दिसायचा. मग अंधुक झाला, मग गेला. तरी मी "हो" म्हणत राहिले. नाही म्हटलं की सगळं संपेल, असं वाटायचं.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "आता?"

"दिसतो की, साहेब. कालच्यापेक्षा बरा."

"बाई, बॅटरी माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "डोळा गेला. आता काही करता येणार नाही."

आणि मी, जन्माची आंधळी झालेली बाई, उठून बसले, हात जोडले आणि म्हणाले, "लई उपकार झाले, साहेब."