बाबांनी पुसलेली काच

आम्ही पुणं सोडलं त्या दिवशी सोसायटीच्या फाटकात दोन गाड्या उभ्या होत्या. एक आम्हाला मुंबईच्या विमानतळावर नेणारी आणि दुसरी शेजाऱ्यांची. आई शेजाऱ्यांच्या गाडीकडे बघून हात हलवत होती. काचबिंदूने तिची कडेची नजर तोवर पुष्कळशी गेली होती. नळीतून पाहावं तसं तिला फक्त समोरचं दिसायचं. बाबांनी तिचे खांदे धरून तिला हलकेच वळवलं. "इकडे. अगं, ती इकडे आहे." मग तिने मला शोधलं आणि ती हसली. मी मात्र रडू आवरायला खाली बघत होते, त्यामुळे ते हसणं मला अर्धंच मिळालं.

त्याला अकरा वर्षं झाली. आधी आम्ही शारजात, अल नहदा भागातल्या एका टॉवरमध्ये राहायचो. पुढे मला दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐन शहरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. माझं काम मायक्रोस्कोपवर, म्हणजे दिवसभर डोळ्यांचंच. नवरा मंदार मात्र नोकरीसाठी दुबईला जातो, पहाटेच निघतो. अल ऐनमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही. त्यामुळे आमची मुलगी ईरा हिला शाळेत सोडणं, लॅब, भाजी, डॉक्टर, सगळं माझ्या गाडीवर. पुण्यात मी दुचाकीसुद्धा घाबरत चालवायची. इथे ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास होऊन लायसन्स मिळवलं.

मागच्या वर्षी आई गेली. महिन्याभराने मी बाबांना व्हिजिट व्हिसावर इकडे घेऊन आले. आईची नजर गेल्यापासून बाबांचा सगळा दिवस तिच्यातच जायचा. तिच्या ताटात कुठे काय वाढलंय ते सांगायचं, पायरी आली की सांगायचं, पेपर मोठ्याने वाचायचा. आता ते सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. त्या हातांकडे बघवत नसे. मंदार म्हणायचा, "त्यांना काहीतरी काम दे." पण काय देणार? ईरा त्यांना बुद्धिबळ खेळायला बोलवायची, ते एक डाव खेळायचे आणि मग पुन्हा तसेच बसायचे.

मग त्यांनी स्वतःच काम शोधलं. इथे हिवाळ्यात पहाटे धुकं पडतं, दंव पडतं. हवेत बारीक तांबूस वाळू असतेच. सकाळपर्यंत गाडीच्या काचेवर त्या दोन्हींचा पातळ लेप बसतो आणि वाळला की पापुद्र्यासारखा खरखरीत होतो. बाबा माझ्याआधी खाली जाऊन तो काढायला लागले. पुण्यात स्कूटर पुसायचे तसंच फडकं घेऊन, आणि फडक्याने निघेना तिथे भांड्यांची हिरवी घासणी. मी आणि ईरा खाली येईपर्यंत काच लख्ख. "बघ, कसं दिसतंय!" एवढं एक वाक्य ते म्हणायचे. आई गेल्यानंतर त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा जोर यायला लागला होता.

साधारण त्याच सुमारास मला दिसेनासं झालं.

पहिल्यांदा झालं ते शाळेच्या रस्त्यावर. तो रस्ता सरळ पूर्वेला जातो. सूर्य नुकताच वर आला होता आणि वळण घेतल्याबरोबर समोरचं सगळं पांढरं झालं. पुढची गाडी, सिग्नल, खजुराची झाडं, सगळं एका चमकत्या पडद्यामागे गेलं. मी ब्रेकवर पाय ठेवून गोगलगायीसारखी पुढे सरकले. "आई, व्हाय आर यू गोइंग सो स्लो?" ईराने विचारलं. मी म्हटलं, "ऊन आहे गं." गॉगल घेतला. गॉगलने काही फरक पडेना.

मग ते रोज व्हायला लागलं. ते वळण आलं की मी नाक स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे वाकायची. डॉक्टरकडे जायचं सोडून मी चोरून घरच्या घरी परीक्षा घ्यायला लागले. एक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. दोन्ही हात बाजूला पसरून बोटं दिसतात का ते बघायचं. काचबिंदू आईकडून मुलीकडे येऊ शकतो हे लॅबमधल्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही. माझी नजर गेली तर नोकरी गेली, गाडी गेली, अल ऐन गेलं. दहा वर्षांच्या ईराने माझ्या ताटात काय कुठे वाढलंय ते सांगायचं? मंदारला मी काही बोलले नाही. बाबांना तर नाहीच. त्यांनी एवढ्यातच एक आयुष्यभराचं डोळ्यांचं दुखणं काढलं होतं.

पण ते बघत होते. शाळेत सोडायला ते रोज बरोबर यायचे, माझ्या शेजारी बसायचे आणि रस्त्याऐवजी माझ्याकडे बघायचे.

एका सकाळी ईराला सोडून आम्ही परत निघालो. रस्ता वळला आणि ऊन पुन्हा समोर आलं. मी उजवीकडे वळायला गाडी घातली आणि बाबा ओरडले, "थांब!" माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोर, अगदी बॉनेटला हात लागेल एवढ्यावर, एक माणूस सायकल ढकलत रस्ता ओलांडत होता. बागकामाच्या टोळीतला असावा, हिरवा गणवेश होता. तो दचकला, आमच्याकडे बघितलं, मग हात वर करून काही नाही, काही नाही अशी खूण केली आणि गेला. मला तो दिसलाच नव्हता.

मी गाडी कडेला घेतली. बाबांनी हात लांबवून इंजिन बंद केलं.

"केव्हापासून होतंय?"

"काय बाबा? ऊन डोळ्यांवर आलं एकदम."

"तुझी आईसुद्धा आधी उन्हालाच नावं ठेवायची," ते म्हणाले. "मी दोन वर्षं तिचं ऐकलं. तुझं नाही ऐकणार. आजच्या आज डॉक्टर."

त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. मला वाटत होतं मी एकटीच घाबरलेय. हा माणूस रोज सकाळी माझ्या शेजारी बसून तीच भीती गिळत होता.

दुपारची अपॉइंटमेंट मिळाली. डॉक्टर केरळच्या होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. थेंब घालण्याआधी त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग डोळ्यांचा दाब, नस, कडेची नजर, सगळं तपासलं. बाबा बाहेर बाकावर बसले होते. दार उघडलं की मला त्यांचे हात दिसायचे, एकमेकांत घट्ट गुंतवलेले.

"सब नॉर्मल है," डॉक्टर म्हणाल्या. माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, मग मला दिसत का नाही? त्यांनी विचारलं, "मायक्रोस्कोप पे दिखता है?" हो. "घर में? टीव्ही? मोबाइल?" हो. "तो सिर्फ गाडी में, सुबह?" हो. त्या हसल्या. "तो फिर गाडी को दिखाइए, मुझे नहीं." आणि जाता जाता बजावलं की घरात काचबिंदू आहे, तेव्हा दरवर्षी तपासायचं.

औषधाने माझ्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, म्हणून आम्ही उशिरापर्यंत तिथेच कँटीनमध्ये बसलो. खाली आलो तेव्हा ऊन कलतं होतं आणि नेमकं गाडीच्या तोंडावर पडलं होतं. मी आत बसले आणि काच पांढरी झाली. या वेळी मी काचेच्या पलीकडे बघितलं नाही, काचेकडेच बघितलं. तिच्यावर केसासारखे बारीक ओरखडे होते, हजारो, एकात एक गोल फिरलेले. कुणाचा तरी हात किती मन लावून फिरलाय ते स्पष्ट दिसत होतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला बसू दे तिथे." ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. समोर बघितलं. बोट उचलून आतल्या बाजूने एका ओरखड्यावरून हळूहळू गोल फिरवलं.

"हे मी केलंय."

"बाबा, वाळू असते हो इथे. कुणाचंही झालं असतं."

"तो सायकलवाला मेला असता."

"नाही मेला ना."

ते काचेकडेच बघत राहिले. मग एकदम वळून म्हणाले, "म्हणजे तुझे डोळे चांगले आहेत? नक्की?"

"नक्की."

"डॉक्टर नक्की म्हणाल्या? दोन्ही?"

"दोन्ही डोळे, बाबा."

आणि मग ते रडायला लागले. आई गेली तेव्हा पाहुण्यांचं चहापाणी बघत फिरलेले माझे बाबा, एका पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होते आणि मध्येच हसत होते. "काच आहे गं, नुसती काच आहे," असं पुन्हापुन्हा म्हणत होते. शेजारच्या गाडीत बसायला आलेल्या एका अरब गृहस्थांनी थांबून विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, "अल्हमदुलिल्ला, अच्छी खबर है."

नवी काच बसवली. बाबा गाडी पुसायचं बंद करतील असं मला वाटलं, आणि त्याचीच धास्ती होती. पण दुसऱ्या दिवशी ते बादलीभर पाणी घेऊन खाली गेले. आधी पाणी ओतायचं, वाळू वाहून जाऊ द्यायची, मग मऊ कापड. ईराने त्यांना मोबाइलवर तसं दाखवलं होतं. "स्लोली, आजोबा, डोन्ट प्रेस," असं ती त्यांना शिकवायची.

व्हिसा संपला आणि ते पुण्याला परतले. इकडे आलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यानंतर काय सुरू होतं ते. अवेळी फोन वाजला की पहिला विचार वाईटच येतो. परवा असाच लॅबमध्ये फोन आला, बाबांच्या शेजारच्या सुमनकाकूंचा.

"अगं, तुला सांगू की नको कळत नव्हतं," काकू म्हणाल्या. "तुझे बाबा हल्ली म्हणतात, थंडी पडली की घरी जाणार. आता घरातच तर बसलेत! काही विसरायला वगैरे लागलेत का गं?"

माझ्या हातातली स्लाइड मी खाली ठेवली. कॉरिडॉरमध्ये येऊन बाबांना फोन लावला. त्यांनी तो उचलेपर्यंत माझ्या डोक्यात तिकीट, रजा, डॉक्टर, सगळं फिरून आलं.

"बाबा, तुम्ही काकूंना काय सांगितलंत?"

"काय सांगितलं? डिसेंबरात घरी जायचंय म्हटलं."

"घरी म्हणजे कुठे, बाबा?"

"कुठे म्हणजे? अल ऐनला!" ते वैतागले. "ईरा तिथे, तू तिथे. आणि काय गं, मला वेडबिड लागलंय असं वाटलं की काय तुम्हाला?"

मी अकरा वर्षं इथे राहते आणि अजून सुट्टी लागली की "घरी चाललोय" म्हणते. त्या घरात बसलेला माणूस मला सांगत होता की घर माझ्याकडे आहे. मी एवढंच म्हटलं, "या बाबा. लवकर घरी या."