एकसष्टाव्या भागातली शेजारीण

चॅनेलच्या चौथ्या मजल्यावर तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर म्हणत. पाठीमागे याहून वाईट म्हणत असणार याची तिला खात्री होती, कारण तीही सगळ्यांना पाठीमागे वाईटच म्हणायची. चौपन्न वर्षांची, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि कुणी दार न वाजवता आत आलं की मान न वळवता विचारायची, “काय मोडलं?”

काम असं की जुन्या विनोदी मालिका पुन्हा दाखवण्याजोग्या करायच्या. तीस वर्षांपूर्वी अर्ध्या तासात मालिका पंचवीस मिनिटं असायची आणि जाहिराती पाच मिनिटं. आता जाहिराती नऊ मिनिटं. अर्धा तास काही वाढत नाही, म्हणून मालिकेच्या पोटातून चार मिनिटं काढायची. आधी शीर्षकगीत चाळीस सेकंदांवरून आठ सेकंदांवर आणायचं. शेवटची नावं एका कोपऱ्यात चेपून पळवायची. ज्यांनी जन्मभर राबून मालिका केली त्यांची नावं मुंगीलाही वाचता येणार नाहीत. मग यंत्रावर वेग थोडा वाढवायचा. यंत्र अधूनमधून एखादी फ्रेम गिळतं, आणि सगळी पात्रं शू लागल्यासारखी घाईघाईने बोलू लागतात. एवढं करून भागलं नाही की अख्खा सीन उचलायचा.

कुठला उचलायचा याचा तिचा एक नियम होता. ज्या माणसाबद्दल पुढे कोणी बोलत नाही, तो काढायचा. पहिल्या पाच मिनिटांत हरवलेली किल्ली शेवटी सापडणार असेल, तर किल्लीला हात लावायचा नाही. पण वरच्या मजल्यावरची शेजारीण येऊन वाटीभर साखर मागून गेली आणि पुढे तिचं नावही निघालं नाही, तर तिला उचलायची. कुणाला पत्ता लागत नाही.

ही साखर मागणारी शेजारीण तिची सासू होती.

सासूने त्या एकाच मालिकेत काम केलं होतं. एकशे चार भागांपैकी बावन्न भागांत ती दार वाजवायची, काहीतरी मागायची आणि निघून जायची. एवढ्या भांडवलावर तिने पुढची तीस वर्षं घरात राज्य केलं. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं की आपण कलावंत आहोत. आता चॅनेल तीच मालिका सोमवार ते शुक्रवार दुपारी चार वाजता दाखवत होतं, आणि सासू पावणेचारलाच केस विंचरून टीव्हीसमोर बसत होती. बावन्नपैकी तिचे सात भाग होऊन गेले होते. सातांतल्या सहांत ती नव्हती. सातव्यात तिचा फक्त हात दिसला, वाटी धरलेला.

“तुझ्या कात्रीला माझंच वावडं आहे,” सासू म्हणायची.

“नियम आहे, आई. ज्याच्यावाचून अडत नाही ते जातं.”

“हो ना. तुझ्यासारख्या माणसांना नियम फार सोयीचे असतात.”

हे मात्र खोटं नव्हतं. नियम कात्रीचाच होता आणि त्यात चूक काही नव्हती, पण सासूला उचलताना तिचा हात जरा जास्तच हलका पडायचा. का पडू नये? लग्नाच्या चौथ्या वर्षी कात्रीची आई इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. भावाचा फोन सकाळी अकराला आला होता. सासूने तो घेतला, खाली ठेवला, आणि घरी जेवायला दहा माणसं होती म्हणून संध्याकाळी पाच वाजता सांगितलं. कात्री पोहोचली तेव्हा पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती. “पाहुण्यांसमोर रडारड नको म्हणून,” एवढंच सासूने नंतर सांगितलं. त्यावर एक शब्द माफीचा नाही, आजतागायत नाही. आता कुणी म्हणेल, पंचवीस वर्षं झाली, सोडून द्यावं. म्हणणाऱ्याने स्वतः सोडून दाखवावं.

अशात एकसष्टावा भाग आला.

कुठला भाग कधी लागणार हे ‘मीटर’ ठरवायचा. मीटर म्हणजे वेळापत्रकाचा मुख्य. वय पस्तीस, बोलणं सगळं सेकंदांत. कुणाचे वडील गेल्याचं कळलं तरी तो “तीस सेकंद शांतता पाळू” म्हणाला असता. भाग ओळीने लावायचे असतात हे त्याला मान्य नव्हतं. ज्या भागांना पूर्वी प्रेक्षक जास्त मिळाले ते आधी, बाकीचे मागून. त्यामुळे मंगळवारी नायिकेला सातवा महिना असायचा आणि गुरुवारी तिचं लग्न व्हायचं. लोकांनी पत्रं लिहिली, तर मीटर म्हणाला, लोक बघतायत हे तर सिद्ध झालं. एकसष्टावा भाग त्याने शुक्रवारी टाकला.

त्या भागात सासूचा पूर्ण सीन होता. बावन्न भागांतला एकमेव. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

घरात सोमवारपासूनच गडबड सुरू झाली. सासूने धाकट्या बहिणीला बोलावलं. त्या दोघींचं आयुष्यभर पटलं नव्हतं आणि बहिणीने मालिकेबद्दल कधी चांगला शब्द काढला नव्हता. मजल्यावरच्या दोघी बायकांनाही निमंत्रण गेलं. नवरा रात्रीच्या जेवणानंतर ताट उचलता उचलता हळूच म्हणाला, “एवढा एक सीन राहू दे ना. आईचं आता वय काय राहिलंय.”

“माझ्या आईचं तरी काय राहिलं होतं?” कात्री म्हणाली. नवऱ्याने ताट बेसिनमध्ये ठेवलं आणि नळ मोठा सोडला. अशा वेळी नळ मोठा सोडणं ही त्याची जुनी सवय होती.

बुधवारी सकाळी तिने भाग यंत्रावर चढवला तो सासूला उचलायच्याच इराद्याने. नियमाने ती जाणारच होती. शेजारीण घराबाहेर अडकते, कुलूपवाला येईपर्यंत नायकाच्या कोचावर येऊन बसते, कुलूपवाला येतो, ती जाते. पुढे त्याचा उल्लेख नाही. काम दहा मिनिटांचं.

पण उचलायच्या आधी सीन पूर्ण बघावा लागतो, तसा तिने बघितला. शेजारीण साबणाचे हात घेऊन कोचाच्या कडेवर बसली आहे. नायकाला झोप आलेली. ती काहीच बोलत नाही. पंख्याकडे बघते, भिंतीकडे बघते, हातावरचा फेस बसत चाललेला बघते. सहा सेकंद जातात. मग अगदी सभ्यपणे विचारते, “तुमच्याकडे नेहमीच एवढी शांतता असते का?”

कात्री एकटी हसली. खोलीत कुणी नव्हतं तरी तिला स्वतःचा राग आला. तिने सीन पुन्हा लावला, आणि पुन्हा हसली. सहा सेकंद. पाचव्याला बोलली असती तर विनोद फुकट गेला असता, सातव्याला बोलली असती तर रडका झाला असता. ही म्हातारी, जिने तिची आई तिच्यापासून सहा तास लपवून ठेवली, ती तीस वर्षांपूर्वी कोचाच्या कडेवर बसून असं काम करून गेली होती की त्या मालिकेतल्या नायकाला जन्मात जमलं नसतं. चांगलं काम वाईट माणसाच्या हातून झालेलं बघण्याइतकं चीड आणणारं दुसरं काही नाही.

मग ती दोन दिवस त्या भागाला चिकटून बसली. अख्खा सीन उचलायचा नाही म्हणजे चार मिनिटं चिमटी-चिमटीने गोळा करायची. नायक दारापर्यंत चालत जातो, तिथून एक सेकंद. ध्वनिमुद्रित हशा उगाच लांबतो, त्याच्या शेपटीतून अर्धा सेकंद. नायिका पर्समध्ये रुमाल शोधते, शोधायची गरज काय, रुमाल हातातच दे. वेग सगळीकडे वाढवला, फक्त त्या सीनचा तुकडा बाजूला काढून मूळ वेगात ठेवला, कारण यंत्राने ते सहा सेकंद खाल्ले असते. एकशे त्र्याहत्तर ठिकाणी कापलं. शुक्रवारी बाराच्या सुमारास भाग बरोबर एकवीस मिनिटांवर आला, आणि शेजारीण त्यात पूर्ण बसली होती. घरी तिने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूला वाटलं असतं की आपण जिंकलो.

अडीच वाजता मीटर दारात उभा राहिला.

“मॅडम, एकसष्टमधून अजून एकशे पन्नास सेकंद हवेत.”

“काय मोडलं?”

“काही नाही. आपल्या चॅनेलच्या नव्या बक्षीस-स्पर्धेची जाहिरात वाढवलीय. सव्वातीनला फाइल द्या.”

“दुसऱ्या भागातून घ्या.”

“चारला हाच भाग आहे.” तो तिच्या पडद्याकडे बघत होता. “ही कोण, साखरवाली ना? हिला उचला की. हिच्यावाचून काय अडतंय?”

“तुमच्यावाचून काय अडतं हे कुणी मोजलंय का?” कात्री म्हणाली. मीटरने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सव्वातीन म्हणून पुन्हा सांगितलं.

पाऊण तास होता. तिने किल्लीचा सीन काढून बघितला, तर शेवट लंगडा झाला. नवरा-बायकोचं भांडण काढलं, तर समेट कशाचा तेच कळेना. चिमटीने काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते सगळं तिने दोन दिवसांत स्वतःच्या हाताने संपवलं होतं. तीन वाजून चार मिनिटांनी तिने शेजारीण उचलली. उरलेले वीस सेकंद शीर्षकगीताला परत दिले. सांधा इतका साफ बसला की तिलाही दिसला नाही. चॅनेलमधून एक फ्रेम बाहेर नेता येत नाही, यंत्रांची पेनड्राइव्हची भोकंसुद्धा बुजवलेली. जुन्या टेपा तर कधीच भंगारात गेल्या होत्या.

ती घरी पोहोचली तेव्हा पाहुण्या निघून गेल्या होत्या. टेबलावर चार कप तसेच होते. नवऱ्याने स्वयंपाकघरात नळ मोठा सोडला होता. सासू ठेवणीतली निळी साडी नेसून टीव्हीसमोर बसलेली. टीव्ही बंद होता.

“बहिणीला सांगितलं, तारखेचा घोळ झाला,” सासू म्हणाली. “तो भाग पुढच्या आठवड्यात आहे म्हटलं. ती हसली.”

कात्री पर्स हातात धरून उभी राहिली.

“तूच कापलास ना?”

“हो.”

“वरून सांगितलं होतं, की मुद्दाम?”

खरं सांगणं सोपं होतं. मीटरचं नाव घ्यायचं, एकशे त्र्याहत्तर कापांचा हिशेब द्यायचा, आणि या बाईने कधी तरी आपल्याकडे कृतज्ञतेने बघावं याची वाट बघायची. किंवा त्याहून वाईट, तिने दया दाखवावी की बिचारीने प्रयत्न केला होता. दोन दिवस या बाईसाठी पाठ मोडून काम केलं हे तिला कळावं, याची कात्रीला शरम वाटली. द्वेष निदान तिचा स्वतःचा होता.

“मुद्दाम,” ती म्हणाली. “तुम्ही अकराचा फोन पाचला सांगितलात, त्याबद्दल.”

सासूने खांद्यावरचा पदर नीट केला, आणि तिचा श्वास जरा मोकळा झाल्यासारखा वाटला.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “मी इतका वेळ बसून विचार करत होते, की बहुतेक माझं कामच वाईट झालं असेल. एवढ्या वर्षांनी आठवत नाही ना नीट. वाटलं, वाईट होतं म्हणून काढलं.”

कात्रीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्या अख्ख्या भागात बघण्यासारखे फक्त ते सहा सेकंद होते, आणि हे या जगात तिच्याइतकं नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. सासू तिच्या तोंडाकडे बघत थांबली होती, आणि पहिल्यांदाच तिच्या बघण्यात हुकूम नव्हता.

कात्रीने टेबलावरचे चारही कप उचलले आणि आत घेऊन गेली.